लवंगी तळ्याकाठी राहते

रविवारची दुपार आहे. आमटीभात जरा जास्तच झालाय आणि मी बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर आडवा पडलोय. डोळे मिटलेत, पण आतून भांड्यांचा आवाज येतोय. गौतमी, माझी बायको, ओटा आवरतेय. संध्याकाळी खेळाला मंडळी येणार आहेत.

आमचा खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून सगळ्यांनी मिळून रचायची गोष्ट. प्रत्येक जण गोष्टीतलं एक पात्र होतो, कुणी योद्धा, कुणी जादूगार. समोर काय आहे ते मी सांगतो. आपलं पात्र काय करतं ते ज्याचं त्यानं सांगायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. मिरजेत असं खेळणारे फार नाहीत. आमच्यात सगळ्यात हौशी होती माझी प्रमिलामावशी. टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाली, आमच्याकडे राहायला आली, आणि एका रविवारी चहाचा ट्रे घेऊन आली ती टेबलाशीच बसली. तिचं पात्र म्हणजे लवंगी, एक बुटकी, तिखट जिभेची चोर.

दिवाळीनंतर मावशी गेली. तेव्हापासून खेळ बंद होता. आज पुन्हा बसायचंय, आणि लवंगीचं काय करायचं ते मी कालच ठरवून टाकलंय. डोंगरातल्या तळ्याचं पाणी एका राक्षसिणीनं अडवलंय. खाली गाव तहानलंय. लवंगी बांधावरून उडी मारते, बांधाचा दरवाजा उघडते, गाव वाचतं आणि ती वाहून जाते. आमच्यातला योद्धा फारूक तर नक्की रडेल. प्रसंग झकास जमलाय, असं म्हणत मी झोपेत उतरतो.

भांड्यांचा आवाज बदलतो. खट, खट. कुणीतरी प्लग काढतंय आणि लावतंय.

"वाहून जाते?" मावशी विचारते.

ती उंच स्टुलावर बसलीय, कानाला हेडफोन, समोर एक्स्चेंजमधला भोकाभोकांचा तो मोठा बोर्ड. आमचा ओटा तिथं नाही. गौतमीही नाही.

"मला विचारलंस का, निरू?"

"मावशी, तू तर..."

"मी गेले, ते माहितीय मला. लवंगी कुठं गेलीय? ती अजून तळ्याकाठी उभी आहे. तिचं काय ते मी ठरवणार. तू फक्त समोर काय आहे ते सांगायचं. तूच शिकवलंस मला हे."

"मग मी करायचं काय? फारूक म्हणतो, लवंगीला तूच चालव. मावशीसारखं बोल."

"माझा आवाज तू काढायचा नाहीस," ती म्हणते. "माझ्या वाढदिवसाला काढलेलास. ऐकवत नव्हतं."

मला हसू येतं. तीही हसते आणि हेडफोन एका कानावरून मागे सारते.

"चल, खेळू. काय आहे समोर?"

मी सांगू लागतो. डोंगर, तळं, दगडमातीचा बांध. मी म्हणतो तसतसं फरशीवर पाणी चढतं. पाय ओले होतात, मग पोटऱ्या. बोर्ड अजून तिथंच आहे, पण आता तोच बांध आहे आणि त्याच्या वायरी शेवाळासारख्या पाण्यात लोंबतायत. एक्स्चेंजच्या खिडकीतून खाली गाव दिसतं. कोरड्या टाक्यापाशी एक बाई रिकामी घागर घेऊन उभी आहे. एक म्हैस टाक्याचा दगड चाटतेय.

"पाणी का अडवलंय?"

"राक्षसीण आहे ती. दुष्ट आहे."

"हे काय उत्तर झालं? एवढा बांध कुणी उगाच घालत नाही. मी जन्मभर लोकांच्या लायनी जोडल्या, निरू. प्रत्येकाला वाटायचं, आपलाच कॉल सगळ्यात महत्त्वाचा. आणि असायचाही. कुणाकडे मयत, कुणाकडे बाळंतपण. लाइन मात्र एकच मोकळी." ती पाण्याकडे वळते आणि तिच्या कामावरच्या आवाजात म्हणते, "हं, बोला."

पाणी हलतं. राक्षसीण वर येते, गावच्या टाकीएवढी. केसांत पाणवेली अडकल्यात. मला वाटलं होतं तशी ती भयंकर नाही. ती संकोचलीय. तिची पाठ बांधाला टेकलेली आहे, आणि बांध तिच्याच पाठीवर उभा आहे.

"बाळ झोपलंय," ती हळू आवाजात सांगते. "खाली, पाण्यात. थंडी सरेपर्यंत झोपायचं असतं त्यानं. पाणी उतरलं तर उघडं पडेल. मग ते जगत नाही."

हे मी लिहिलेलं नाही. मी मावशीकडे बघतो.

"आता झाला पेच," ती म्हणते. "आधीचा नुसता सापळा होता. एकच वाट ठेवली होतीस, तीही मला मारणारी."

बांध फोडावा तर बाळ जातं. राहू द्यावा तर गाव. फारूक असता तर एव्हाना तलवार उपसून मोकळा झाला असता.

"फासा टाकतेस?" मी विचारतो.

"थांब रे. आधी विचारू दे." ती राक्षसिणीला म्हणते, "रोज थोडंच पाणी सोडलं, आणि तेवढ्या वेळापुरतं बाळाला कुणी मांडीवर धरलं, ओल्या फडक्यात, तर?"

"तर राहील," राक्षसीण म्हणते. "पण मी जागची हलले तर बांध कोसळेल. धरणार कोण?"

खाली बाई घागर एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेते.

"म्हणजे इथं कुणीतरी राहायला पाहिजे," मावशी म्हणते.

तिचा विचार मला कळतो.

"पुढं बर्फाचा राजवाडा आहे, मावशी. तूच मागितला होतास. मी तो तुझ्यासाठी रचलाय. एकेक खोली."

"हो ना," ती म्हणते. ती राजवाड्याकडे जाणाऱ्या खिंडीच्या वाटेकडे बघत राहते. वाट वर जाऊन ढगात शिरते. "फार मन होतं माझं. झुंबरं ठेवलीस का त्यात?"

"ठेवलीत."

"बर्फाची?"

"बर्फाचीच."

ती पदरानं चष्मा पुसते. घाई करत नाही. तिला खरंच जायचंय, ते दिसतंय मला. मग ती साडी गुडघ्यापर्यंत खोचते आणि पाण्यात आणखी पुढं जाते.

"लवंगी राहते," ती म्हणते.

"फासा?"

"याला फासा कशाला?"

"आणि आम्ही?"

"तुम्ही पुढं जा. फारूकला सांग, राजवाड्यात शिरल्या शिरल्या भांडण काढू नकोस. आणि परतताना याच वाटेनं या. पाणी प्यायला काय, कुणीही थांबू शकतं."

"तू बोलशील आमच्याशी?"

"लवंगी लांबून हात करेल. एवढं तुला माझा आवाज न काढता जमेल." ती वाकते आणि दोन्ही हात पाण्यात घालते. "आता पाणी सोडते. तोवर हे धर. मान सांभाळ."

ती बाळ माझ्या हातात देते. ते गार आहे, शेवाळलेलं आहे, आणि तांदळाच्या पोत्याएवढं जड आहे. झोपेत ते कूस बदलतं, डोकं माझ्या कोपराच्या खळग्यात खुपसतं आणि पुन्हा शांत होतं. राक्षसीण मान वळवून टक लावून बघतेय. मी हलत नाही.

मावशी बोर्डावरचा एक प्लग काढते. भोकातून पाण्याची धार लागते. मग दुसरा, मग तिसरा. ती उतारावरून वाहणाऱ्या पाण्याकडे कान देऊन उभी राहते. कितीतरी वेळानं, खूप खालून, घागर भरायला लागल्याचा आवाज येतो.

"लागली लाइन," मावशी म्हणते. चेहरा असा फुललेला, की मी राजवाड्याचं पुन्हा काढत नाही.

"निरू. अरे, ऊठ. फारूक आलासुद्धा."

गौतमी चहा घेऊन उभी आहे. खोलीत उन्हं तिरपी झालीत. बाहेर फारूक चपला काढत कुणाशी तरी फोनवर बोलतोय.

"लवंगीचं काय करायचं ठरवलंस शेवटी?" ती विचारते.

"तिनंच ठरवलंय. सांगतो सगळ्यांना."

गौतमी माझ्याकडे नीट बघते. कप ठेवताना तिचं लक्ष माझ्या डाव्या हाताकडे जातं. "हे काय उमटलंय रे?"

हात बधीर झालाय, त्यावर मूल झोपल्यावर होतो तसा. कोपराच्या आतल्या मऊ कातडीवर एक लालसर वळ आहे. लहानसा, गोल, आत दुमडलेला. कानासारखा.

मी हात झटकत नाही. तसाच वाकवलेला ठेवून जपून उठतो.