लांबून बघ

कांदा माझा होता. म्हणजे आईचा. म्हणजे खरं तर कांदा निवडायच्या खळ्याच्या मालकाचा, पण निवडताना बाजूला पडलेला, म्हणून आईनं पदरात टाकून घरी आणलेला.

मी चौथीत होते. नामपूरच्या बाजूचं आमचं गाव. गावाच्या कडेला भिलाटी, भिल्लांची वस्ती, तिथं आमचं घर. गुरुजींनी आदल्या दिवशी वर्गात विचारलं, "उद्या कांदा कोण आणील?" मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. आमच्या घरात असलेली वस्तू शाळेनं पहिल्यांदाच मागितली होती.

दुसऱ्या दिवशी लोखंडी कपाटातून विज्ञान पेटी निघाली. साहेब तपासणीला येणार असले की ती निघायची, एरवी नाही. पेटीत काळा सूक्ष्मदर्शक होता. गुरुजींनी माझा कांदा चिरला, पातळ पापुद्रा सोलला, काचपट्टीवर ठेवला. एक डोळा मिटून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "रांगेत या."

रांगेत माझा सातवा नंबर होता. माझ्या पुढच्या मुलीनं बघितलं आणि "अय्या" म्हणाली. मी पुढं झाले. हात मागं बांधले होते, कुणी न सांगता. आमची पोरं ते आपोआप शिकतात. तरी गुरुजी म्हणाले, "तू राहू दे. हाताला वास येतो तुझ्या. भिंग खराब होईल. तू लांबून बघ."

लांबून. सूक्ष्मदर्शकातून लांबून काय दिसतं? काळं नळकांडं दिसतं. भिलाटीतली आम्ही तिघंजणं होतो, तिघंही दाराशी जाऊन उभी राहिलो. माझ्या हाताला कांद्याचाच वास होता, आणि तोच कांदा त्या भिंगाखाली होता. तेव्हा हे सुचलं नाही. सुचलं असतं तरी मी बोलले नसते.

मग गुरुजींनी फळ्यावर आकृती काढली. विटांच्या रांगा, प्रत्येक विटेत एक ठिपका. मी ती वहीत उतरवली. माझा हात चांगला होता. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी वही वर धरून वर्गाला दाखवली. "बघा, भिलाटीतली पोरगी असून." दहापैकी दहा मार्क. न पाहिलेल्या गोष्टीचे.

घरी येऊन मी हात राखेनं घासले. मग दगडानं घासले. आईनं विचारलं, "काय व्हयनं?" मी दगड जागेवर ठेवला.

पुढं मी डी.एड. केलं. तिथंही पेशी आकृतीतच काढली, पुन्हा चांगले मार्क मिळाले. जिल्हा परिषदेत शिक्षिका म्हणून लागले. पहिल्याच शाळेत एका सहकाऱ्यानं हसत म्हटलं, "तुमचं बरं असतं ना, जागा राखीवच." मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आता माझी शाळा विंचूरच्या पलीकडच्या एका गावात आहे. गाव कांद्याचं. शेतात कांदा, साठवणीच्या चाळीत कांदा, खळ्यावर कांदा. वर्गात निम्मी पोरं बागायतदारांची आणि निम्मी खळ्यावर निवडायला येणाऱ्या बायांची. शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणजे गावातले कांदा व्यापारी. त्यांना सगळे शेठ म्हणतात, आमचे मुख्याध्यापकसुद्धा. शेठनी पुढाकार घेऊन लोकवर्गणी केली आणि शाळेला भिंतीएवढा टचचा टीव्ही मिळाला. आम्ही त्याला पॅनल म्हणतो.

पॅनल आला त्या दिवशी त्याची पूजा झाली. काचेवर कुंकवाची पाच बोटं उमटली, हार चढला, नारळ फुटला. बाजूला देणगीदारांच्या नावांची पाटी लागली. मग त्याच्यावर मखमली पडदा चढवला आणि खोलीला कुलूप घातलं. किल्ली मुख्याध्यापकांकडं. पॅनल उघडायचा तो फोटोसाठी, नाहीतर एखाद्या तासापुरता. फोटोतली पोरंही ठरलेली, चौघं. स्वच्छ कपडे, गोऱ्या हातांची. तीच चौघं काचेला बोट लावायची, बाकीची मागं मांडी घालून बसायची. खळ्यावरची पोरं सगळ्यात मागं, भिंतीशी.

हे कुणी लिहून दिलं नव्हतं. मुख्याध्यापक सरांनी मला एवढंच सांगितलं होतं, "मॅडम, महागाची वस्तू आहे. तुम्ही समजून घ्या." आणि मी समजून घेतलं. दोन वर्षं समजून घेतलं. विद्रोहाच्या गोष्टी सांगायला बसले आहे तर आधी हे सांगते, की दोन वर्षं त्या चौघांना पुढं मीच बसवत होते.

गेल्या हिवाळ्यात चौथीला वनस्पतींची वाढ शिकवत होते. पॅनलवर चित्रफीत लावली. बी रुजलं, हिरवी पात वर आली, खाली कांदा फुगला. सगळं दहा सेकंदांत. मी विचारलं, "कांदा तयार व्हायला किती वेळ लागतो?"

पोरं एका सुरात ओरडली, "दहा सेकंद!"

कांद्याच्या गावातली पोरं. ज्यांच्या दारात कांदा, ताटात कांदा, ज्यांच्या घरातलं लग्न कांद्याच्या भावावर ठरतं, ती पोरं. टीव्हीनं दहा सेकंद दाखवले, म्हणून दहा सेकंद. दोन वर्षं मी ह्यांना काय शिकवत होते?

मागून आवाज आला. "मॅडम, ते खोटं हाय." रेखा. आई शेठच्याच खळ्यावर निवडायला, आणि पोरगी शाळा सुटली की आईच्या हाताखाली. "नुसत्या रोपालाच दीड महिना लागतो. मग लावणी. मग चार महिनं. आन मुळी अशी नसती, मी दावते." ती उठून पुढं आली आणि तिनं काचेवरच्या कांद्याच्या मुळीवर बोट ठेवलं. चित्रफीत थांबली.

दारात सर आणि शेठ उभे होते. कुणा पाहुण्याला पॅनल दाखवायचा म्हणून आले असावेत. शेठ चढ्या आवाजात बोलत नाहीत. ते एवढंच म्हणाले, "ही खळ्यावरची ना? हात बघा तिचे."

मी तिचं मनगट धरलं आणि तिला मागं ओढलं. म्हणाले, "हात लावू नको. लांबून बघ."

माझ्या तोंडून. त्याच शब्दांत. रेखानं माझ्याकडं पाहिलं, मग आपल्या हाताकडं पाहिलं. मागं जाऊन भिंतीशी बसली आणि हात फ्रॉकखाली घेतले. माझ्या बोटांना तिच्या मनगटाचा कांद्याचा वास लागला होता.

त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही. आई आता माझ्याकडंच असते. तिच्या बोटांच्या भेगा अजून भरलेल्या नाहीत, आता भरणारही नाहीत. मी तिला दोन्ही सांगितलं. गुरुजींचं, जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं ते, आणि रेखाचं. मला वाटलं होतं, माय पाठीवरून हात फिरवेल. ती मेथी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "तुन्हा गुरुजी परका व्हता. तू त्या पोरनी कोण शे?"

त्या पोरीची मी कोण? आजही मी त्याच प्रश्नाशी अडकून आहे.

पुढच्या महिन्यात आमच्या शाळेत शिक्षण परिषद होती. केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे शिक्षक जमतात, कुणीतरी नमुना पाठ घेतं, बाकीचे बघतात. सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही विज्ञानाचा पाठ घ्या, पॅनलवर. शेठ पण येणार आहेत. आणि हे बघा, त्या दिवशी खळ्यावरच्या पोरांना सुट्टी सांगून टाका. उगाच गर्दी."

मी "बरं" म्हणाले. आणि सुट्टी सांगितली नाही.

कपाटाच्या तळाशी आमच्याही शाळेत विज्ञान पेटी होती. पॅनल आल्यापासून तिला कुणी विचारत नव्हतं. त्यात सूक्ष्मदर्शक होता, पिवळ्या पडलेल्या पेपरात गुंडाळलेला. मी तो घरी नेला. भिंगाला बुरशी धरली होती. ती मऊ कापडानं पुसून काढली. खाली माझा एक केस ठेवला, कांदा मुद्दाम ठेवला नाही, आणि माझ्या मोबाइलचा कॅमेरा वरच्या भिंगाला लावून पाहिला. हात हलला की चित्र जायचं. चार दिवस खटपट केली, शेवटी बांगड्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मोबाइलला बैठक केली. मोबाइल पॅनलला जोडला की भिंगाखालचं सगळं भिंतीवर येणार होतं.

परिषदेच्या दिवशी खोली शिक्षकांनी भरली. शेठ पुढच्या खुर्चीवर. पोरं खाली, सगळी. सरांची नजर भिंतीशी गेली आणि त्यांचा चेहरा उतरला. मी चित्रफीत लावली नाही. टोपलीभर कांदे पोरांच्या मधोमध ठेवले आणि म्हणाले, "याचा आतला पातळ पापुद्रा काढा. फाटता कामा नये."

ठरलेली चौघं पुढं आली. पहिल्याचा फाटला. दुसरीचा गुंडाळला गेला. तिसऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यानं कांदा ठेवून दिला. मी म्हणाले, "रेखा, तू ये."

ती उठेना. मी तिच्यापाशी जाऊन खाली बसले. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "त्या दिवशी मी तुझा हात ओढला. चुकलं माझं. आज तुझ्या हातांशिवाय हा पाठ होणार नाही."

ती आली. कांदा हातात फिरवला, नखानं एक पाकळी मोडली आणि पापुद्रा अलगद उतरवला. अख्खा, पारदर्शक, कुठं चीर नाही. तिनंच तो काचपट्टीवर पसरला. मी प्रथमोपचाराच्या पेटीतल्या आयोडीनचा थेंब टाकला. "आता डोळा लाव," म्हणाले. "मग हे चाक हळूहळू फिरव. दिसलं की थांब."

ती फिरवत राहिली. मग थांबली. डोळा भिंगावरून काढला नाही. मग एवढंच म्हणाली, "घरं हायेत."

मी मोबाइल बसवला. भिंत भरून पेशी आल्या. पोरं उभीच राहिली. खळ्यावरची, बागायतदारांची, सगळी काचेपाशी आली आणि बोटं ठेवून घरं मोजायला लागली. मी कुणाला अडवलं नाही. मीही तेव्हाच पाहिल्या, आयुष्यात पहिल्यांदा. आकृतीसारख्या नव्हत्याच त्या. विटा कुठल्या, एकीसारखी एक नव्हती. दहापैकी दहा मार्क मिळालेली बाई तिथं उभी राहून रडली. नमुना पाठात रडायचं नसतं.

दोन-तीन शिक्षकांनी टाळ्या वाजवल्या. शेठ उठून गेले. जाताना त्यांनी काचेकडं पाहिलं. काचेवर आयोडीनचे पिवळे डाग होते आणि पन्नासेक बोटं. पूजेच्या दिवशी त्यांचीही पाच होती, कुंकवाची.

इथं गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी रेखा आली नाही. मी शाळा सुटल्यावर खळ्यावर गेले. मुकादम म्हणाला, "तिच्या आईला कामावर येऊ नको सांगितलं शेठनी. गेले ते." कुठं? त्यानं खांदे उडवले. खळ्यामागच्या त्यांच्या खोलीला कुलूप होतं. दाराबाहेर कांद्याच्या सालीत तिची पाटी पडली होती, ती मी उचलून आणली. मी विंचूरला विचारलं, दोन-चार खळी पालथी घातली. पत्ता लागला नाही. माझा धडा मी शिकले आणि किंमत त्या पोरीनं दिली. रात्रंदिवस हेच डोक्यात फिरतं. मी तिला पुढं बोलावलं नसतं तर ती आज भिंतीशी का होईना, शाळेत असती. हे खरं आहे. त्यावर माझ्याकडं काही उतारा नाही.

काल सरांनी मला बोलावलं. शेठच्या तक्रारीवर टाइप केलेला माझा खुलासा टेबलावर तयार होता. 'सदर विद्यार्थिनीने माझी परवानगी न घेता शैक्षणिक साहित्य हाताळले व खराब केले. माझे तिच्याकडे दुर्लक्ष झाले, त्याबद्दल मी दिलगीर आहे.' सर हळू आवाजात म्हणाले, "सही करून टाका, मॅडम. नाहीतर बदली लांब होईल, आईला घेऊन कुठं जाल? आणि पोरगी तर गेलीच आहे. तिला आता काय फरक पडतो?"

सर वाईट नाहीत. म्हणूनच मला भीती वाटली. काही महिन्यांपूर्वीची मी तशीच बोलले असते. पेन हातात होतं. आईच्या गोळ्या आठवल्या, भाड्याचं घर आठवलं. मग फ्रॉकखाली घेतलेले ते दोन हात आठवले.

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. 'मुलीने पॅनलला हात लावला. मी लावायला सांगितला. काच ओल्या फडक्याने पुसली, स्वच्छ झाली. विद्यार्थिनीचे नाव हजेरीपटावर आहे व राहील. ती सापडेपर्यंत मी शोधीन. मी असेन त्या वर्गात सगळी मुले हात लावतील.' खाली सही केली. तारीख टाकली.

सर म्हणाले, "हे मी वर पाठवू?"

"पाठवा," मी म्हणाले. "आणि पॅनलच्या खोलीची किल्ली द्या. माझा तास आहे."