वर्षालीला टूल रूममध्ये जायचं होतं

वर्षालीला मी पहिल्यांदा पाहिलं ते शनिवारी, ११ जून २०२२ रोजी, चिखलीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी. तिची आई छबूबाई दर शनिवारी राजगुरुनगरकडच्या आपल्या शेतातली भाजी टेम्पोने आणून तिथे विकायची. त्या दिवशी वजनकाटा बंद पडला होता. गिऱ्हाइकं ताटकळली होती आणि सतरा वर्षांची ही मुलगी जमिनीवर फतकल मारून केसांतल्या पिनेने काट्याचे स्क्रू काढत होती.

"अगं, मोडशील," मी म्हटलं.

"मोडलेलाच हाय की, आजी. आणखी काय मोडायचा?"

दहा मिनिटांत काटा चालू झाला. तिने वर पाव किलोचं वजन ठेवून पाहिलं आणि काटा पुन्हा उघडला. तो चार ग्रॅम जास्त दाखवत होता.

"चार ग्रॅमनं कुनाचं काय जातंय?" छबूबाई करवादली. "मान्सं उभी हायेत!"

"चूक ती चूकच ना, आये," वर्षाली मान वर न करता म्हणाली.

माझे यजमान एकतीस वर्षं टूल रूममध्ये होते. यंत्रात बसवायचे पोलादी साचे जिथे घडवतात ती ही खोली. तिथे कोणत्या स्वभावाचं माणूस टिकतं हे मला ऐकून ऐकून ठाऊक होतं. साचे बनवण्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम राजगुरुनगरजवळच्या एका खासगी आयटीआयमध्ये होता. त्याची फी मी भरते, असं मी छबूबाईला सांगितलं. वर्षालीचे वडील मारुतराव यांना ते पटलं नाही.

"पोरगीला लोखंड घासायला धाडायची? घरात भांडी कमी हायेत का?"

"भांड्यांचं सर्टिफिकेट देता का, आबा?" वर्षालीने विचारलं. मारुतराव हसले, आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही.

वीस जणांच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. दोन्ही वर्षं पहिली आली. पुढे एक वर्ष कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करायची, मग परीक्षा, मग टूल रूमची नोकरी, हा रस्ता तिला तोंडपाठ होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये चाकणच्या एका लहान कंपनीने तिला घेतलं. ती दोन मुलींबरोबर तिथेच खोली घेऊन राहू लागली. घेताना टूल रूम सांगितली होती. पहिल्या आठवड्यातच तिला प्रेसवर उभं केलं.

प्रेसमध्ये पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन बाजूंची दोन बटणं दोन्ही हातांनी एकदम दाबायची. तरच वरचा साचा खाली येतो. हात आत राहू नये म्हणूनच ती दोन बटणं. पण त्या कंपनीत एक बटण चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलेलं असे. एक हात मोकळा राहिला की तासाला जास्त पत्रे निघतात.

२० फेब्रुवारी २०२५, गुरुवार. वर्षाली भरदुपारी माझ्या दारात उभी राहिली.

"मी पट्टी काढली, आजी. प्रितम सरांनी घरी पाठवलं. सॉरी म्हणशील तेव्हाच ये म्हणाले. सगळी लाइन हसत होती. 'आल्या इंजिनिअर मॅडम' म्हणे."

प्रितम म्हणजे तिचा सुपरवायझर. मी तिला चहा दिला. नऊ महिने राहिलेत, म्हटलं. वर्ष पुरं झालं नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. वरच्यांशी वाद घालू नये, हे मी मिशनच्या शाळेत सिस्टरांकडून शिकले होते आणि जन्मभर त्यावरच चालले होते. तेच तिला सांगितलं. मग तिच्यासमोरच प्रितमला फोन लावला.

"मुलगी हुशार आहे, आजी," तो म्हणाला, "पण ऐकत नाही."

"तिच्या वतीने मी माफी मागते. उद्यापासून तुम्ही सांगाल तसंच करेल."

वर्षाली "बरं" म्हणाली. उठून कप धुतला, पालथा घातला आणि गेली.

मंगळवार, ११ मार्च. सकाळी अकराला प्रेस तिच्या उजव्या हातावर आली. अंगठ्याशेजारची तीन बोटं गेली.

चौथ्या दिवशी प्रितम दवाखान्यात आला. बरोबर सफरचंदं होती आणि एक टाइप केलेला कागद. सूचना देऊनही शिकाऊ उमेदवाराने स्वतःच्या मनाने बटणाला पट्टी लावली, असं त्यात लिहिलं होतं.

"पट्टी तर ती काढत होती!" मी म्हटलं. "त्याच्यावरूनच तुम्ही तिला घरी पाठवलंत."

"असं कसं, आजी? ती ऐकत नव्हती म्हणून तुम्हीच फोन करून माफी मागितली होती ना? कॉल रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे."

तो वर्षालीकडे वळला. "सही केलीस तर सुट्टीतही हजेरी लागेल. वर्ष पुरं होईल. परीक्षेचा फॉर्म आपणच भरू. नाहीतर मग तू तुझं बघ."

"मुडद्या, हात खाल्लास की रं तिचा!" छबूबाई ओरडली. नर्स धावत आली.

"सही करू नकोस," मी म्हटलं. "मी कारखाने तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांकडे जाते. सगळं सांगते."

वर्षाली बराच वेळ कागद वाचत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागच्या टायमाला तुमचं ऐकलं, आजी. आता नको." आणि प्रितमला विचारलं, "डाव्या हाताचा अंगठा चालेल का?"

वर्गात पहिल्या आलेल्या मुलीने अंगठा उठवला. शाई छबूबाईने पदराने पुसली.

मी तरीही गेले. फोनवर काय बोलणं झालं ते शब्दन् शब्द लिहून नेलं, माझंही. कार्यालयातल्या साहेबांनी ते शांतपणे वाचलं आणि कंपनीने पाठवलेला तो अंगठ्याचा कागद फाइलमधून काढून माझ्यासमोर धरला.

"मुलगी स्वतःच चूक कबूल करते. तुम्ही तिच्या कोण?"

"तिची फी मी भरली होती," मी म्हटलं.

त्यांनी माझा अर्ज परत दिला.

वर्षालीचे टाके निघून आता पाच महिने झाले. कंपनीने तिला स्टोअरमध्ये बसवलंय. हजेरी लागते. मागच्या रविवारी मी चाकणला तिच्या खोलीवर गेले. ती खिडकीशी टेबलाला बसवलेल्या वाइसच्या जबड्यात लोखंडाचा तुकडा आवळून कानस चालवत होती. दांडा अंगठा आणि करंगळीत धरलेला, वर डाव्या हाताचा तळवा. तीन-चार वेळा चालवली की कानस निसटायची.

"परीक्षेत हे घासायला किती तास असतात?" मी विचारलं.

"आठ. सगळ्यांना आठच."

"तुझ्यासाठी वेळ वाढवून मागू या का? मी अर्ज लिहिते."

"नको, आजी. तुम्ही नका लिहू काही."

तिने मोजपट्टी लावून कड तपासली. कड तिरकी होती. तिने तुकडा उलटा बसवला आणि पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतला.