मामीची चिमूट

मामीच्या स्वयंपाकघरात चमचे होते ते फक्त ढवळायला. मापायला तिची चिमूट. मीठ चिमटीने, हिंग चिमटीने आणि वाइनमध्ये घालायची सल्फाइटची पावडरसुद्धा चिमटीनेच. मीठ-हिंगाबद्दल माझी काही तक्रार नव्हती. पावडरवरून मात्र मी तिच्याशी कित्येक उन्हाळे भांडले.

मामी बदलापूरला राहायची. मामा गेल्यावर परसातलं जांभळाचं झाड आणि ती, एवढाच संसार उरला होता. जांभळं पिकली की ती काचेच्या बरण्या धुवायला काढायची. ‘‘वाइन म्हणू नकोस. आपल्या घरात दारू होत नाही. हे आसव,’’ असं बजावायची आणि स्वतःचा पेला दुसऱ्यांदा भरायची.

आसव बिघडून त्याचा शिरका होऊ नये म्हणून ती पावडर. कमी पडली तर आंबतं, जास्त झाली तर विझलेल्या आगकाडीसारखा उग्र वास येतो. तो वास दम्याच्या माणसाला सोसत नाही. आणि मामीला दमा होता. पंप कायम कमरेला खोचलेला.

मी अंबरनाथला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. वजन केल्याशिवाय काही घालायचं नाही, हे माझ्या हातात बसलेलं. मी म्हणायचे, ‘‘मामी, पाच लिटरच्या बरणीला अर्धा ग्रॅम. जास्त नको.’’

‘‘तुझ्या मामाला माझ्या हातचं मीठ कधी जास्त झालं नाही.’’

‘‘मामा बोलायचाच कुठे?’’

‘‘तेच सांगतेय. जास्त झालं असतं तर बोलला असता.’’

पावडर ती हिंगाच्या रिकाम्या डबीत ठेवायची. झाकण सैल, पावसाळ्याची ओल आत शिरायची आणि पावडरचा जोर दर वर्षी उतरायचा. आसव आंबायला लागलं की मामी चिमूट वाढवायची. एकीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. हे चुकतंय, असं मी सांगितलं की म्हणायची, ‘‘हाताला कळतं गं.’’

मग डबी संपली. मामीने स्वतःच दुकानातून नवं पाकीट आणलं. ताजी, कडक पावडर. हाताला तीन चिमट्यांची सवय लागली होती. त्याही भरगच्च. हाताने त्या घातल्या. बरणीतला जांभळा रंग बघता बघता फिका पडला. काय झालं ते बघायला मामी बरणीच्या तोंडाशी वाकली आणि तिने खोल वास घेतला.

मी पोचले तेव्हा ती ओट्याला धरून उभी होती. श्वास पुरत नव्हता, बोलणं निघत नव्हतं, तरी बोट बरणीकडे. झाकण लाव म्हणून! पंपाने भागलं नाही, रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी मास्क लावला आणि त्या पावडरपासून लांब राहायला बजावलं. मास्क निघाल्यावर तिचं पहिलं वाक्य, ‘‘पाकीटच खराब दिलंय मेल्याने.’’

त्याच आठवड्यात मी उल्हासनगरला जाऊन सोनारी वजनकाटा आणला. दुकानदाराने विचारलं, ‘‘सोना तोलना है, भाभी?’’ मी म्हटलं, ‘‘नहीं, पावडर.’’ त्याने आवाज खाली आणला. ‘‘कौनसी पावडर?’’ इतकं सगळं सोसून आणलेला काटा मी मामीच्या हातात दिला. ‘‘वजन करीन,’’ तिने कबूल केलं. ‘‘तुझी शपथ.’’

दसऱ्याला गेले, तर काटा देवासमोर. हळदकुंकू वाहिलेला, वर झेंडूचं फूल. आणि बटणावरची प्लास्टिकची पट्टी जशीच्या तशी.

‘‘मामी, हा वापरायला आणला होता.’’

‘‘पूजा केली ना? आता यश देईल.’’

पुढच्या उन्हाळ्याआधी तिचा मुलगा तिला नाशिकला घेऊन गेला. एकटीला ठेवायला आता तो तयार नव्हता. बरण्या आणि काटा माझ्याकडे आले. काट्यावरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसावं लागलं. बटणाच्या फटीतलं अजून निघालेलं नाही.

आता आसव मी करते. जांभळं आली की मामीचा फोन येतो. ‘‘किती घातलीस?’’ मी ग्रॅम सांगते. ‘‘ते मला कळत नाही. चिमटीत सांग.’’ आणि लगेच, ‘‘माझी बाटली पाठव. अख्ख्या नाशिकात वाइन आहे, पण आसव नाही.’’

यंदा पावडर घालण्याआधीच मी एक लहान बाटली बाजूला काढली, फ्रीजमध्ये ठेवली आणि मामेभाऊ आला तेव्हा बर्फाच्या पिशवीत घालून त्याच्याकडे दिली. दोनच दिवसांत फोन.

‘‘अगं, आंबट लागतंय! पावडर घातलीच नाहीस ना? काट्याशी खेळत बसलीस आणि घालायची विसरलीस. म्हणून सांगत होते, हात कधी विसरत नाही.’’

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. दमा, डॉक्टर, तो मास्क. पलीकडे ती मनापासून हसत होती. हसताना मध्ये खोकला येत नव्हता.

‘‘विसरले, मामी.’’

‘‘पुढच्या वर्षी लक्ष ठेव.’’

‘‘ठेवते,’’ म्हटलं. पुढच्या वर्षीही मी विसरणार आहे.