उन्हाचे ओव्हरसिअर

सूर्य दिवसभरात नेमका कुठून कुठे जातो, हे आमच्या आतोबांइतकं खुद्द सूर्यालाही ठाऊक नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सांगोल्याकडच्या एका खेड्यातून सोलापुरात आले आणि म्युनिसिपालटीच्या बांधकाम खात्यात ओव्हरसिअर म्हणून चिकटले. म्युनिसिपालटीची महापालिका होऊन काही वर्षं लोटली होती, पण आतोबांनी ती बातमी फारशी मनावर घेतली नव्हती. त्यांना काळजी होती ती गावातल्या भिंतींची. भर दुपारी, शहाणी माणसं दारं लोटून आडवी झालेली असताना, हे गृहस्थ टोपीवर ओला रुमाल टाकून गल्लीगल्लीतून हिंडत आणि लोकांच्या भिंतींवर तळहात टेकून डोळे मिटून उभे राहत. वैद्याने नाडी धरावी तसे. एकदा एका घरमालकाला वाटलं, घरपट्टी वाढवायला माणूस आलाय. तो काठी घेऊनच बाहेर आला. आतोबा डोळे न उघडता त्याला म्हणाले, "ही पश्चिमेची भिंत तापल्यालीय. हितं एक लिंब लावा की. धा वर्सांनी माझी आठवण काढाल." त्या माणसाने काठी ठेवली आणि त्यांना पाणी दिलं. कडुलिंब लावला की नाही, ते मला माहीत नाही.

मी त्या वेळी पूर्व भागातल्या विणकरांच्या वस्तीतल्या महापालिकेच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि राहायला आत्याकडे होते. त्यामुळे आतोबांचं ऊन मला घरीही चुकलं नाही. सुट्टीच्या दिवशी जेवण झालं की ते माजघरात आडवे होत आणि खिडकीतून फरशीवर पडलेल्या उन्हाच्या कडेने खडूची रेघ ओढत. थोड्या वेळाने ऊन सरकलं की दुसरी रेघ. मधल्या वेळात डोळे अर्धे मिटून काहीतरी बघत पडलेले असत. लांबून मागांचा खडखडाट येई, फळीवरच्या माठातून थेंब गळे, आणि त्या रेघांकडे बघता बघता मलाही वाटू लागे की आपण सगळेच हळूहळू कुठेतरी सरकतो आहोत. संध्याकाळी आत्या फडकं घेऊन सगळ्या रेघा पुसून टाकी. "माणसं रांगोळी काढत्यात, आमचं येडं ऊन काढतंय," असं म्हणे, पण खडू संपत आला की मला हळूच सांगे, "येताना शाळेतनं एक तुकडा आण गं."

आम्हा बहिणींची लग्नं जमवायच्या वेळी मुलाकडची घरं बघायला आतोबांना नेऊ नये, असा आमच्या घराण्यात अलिखित ठराव होता. माझ्या थोरल्या बहिणीचं स्थळ बघायला गेले, तेव्हा मुलाला एकही प्रश्न न विचारता ते सरळ जिन्याने वर गेले आणि खाली येऊन म्हणाले, "वारं आरपार जातंय. द्या पोरगी." ती आजही सुखात आहे, हे मला कबूल करावं लागतं.

अशात वीजकपातीचे दिवस आले. सरकारी इमारतींत विजेची बचत करा, असं परिपत्रक वरून आलं. ते सगळ्यांनी सही करून पुढे सरकवलं. आतोबांनी मात्र ते घरी आणून जेवताना आत्याला दोनदा वाचून दाखवलं. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते पत्र शेवटी आलं, असा त्यांचा चेहरा होता. दुसऱ्या दिवसापासून कचेरीत शिरले की आधी दिवे बंद करीत, मग खिडक्या उघडीत, मग नमस्कार करीत. साहेबांच्या खोलीतला दिवासुद्धा त्यांनी सोडला नाही. "सायेब, बाहेर एवढा उजेड हाय, तो कुणासाठी पडलाय?" असं त्यांनी विचारल्यावर साहेबांनी हसून पडदा बाजूला केला.

त्याच सुमाराला आमच्या शाळेला आठ नव्या खोल्या मंजूर झाल्या. जुन्या खोल्या पत्र्याच्या. चैत्रात दहा वाजले की पोरं वहीने वारा घेत आणि फळ्यावरचं काही कुणाच्या डोक्यात शिरत नसे. आतोबांनी वर्षभर खेटे घालून एक नमुन्याची खोली बांधायची परवानगी मिळवली. हातभर जाड भिंती, माळवदाचं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, वर चुन्याचा पांढराशुभ्र हात, उत्तरेला खिडक्या, वर झरोके. दिवा नाही, पंखा नाही. महापालिकेच्या समितीचे सभासद वैशाखात, दुपारी दोन वाजता येणार, आधी दहा मिनिटं पत्र्याच्या खोलीत बसणार, मग नमुन्याच्या खोलीत. पसंत पडली तर आठही खोल्या तशाच होणार. आतोबांना निवृत्त व्हायला चार महिने उरले होते. दुसरी संधी नव्हती.

त्यांनी सगळ्यांना सगळं समजावून सांगितलं. फक्त आत्याला एवढंच म्हणाले, "दुपारच्याला पाव्हणे येणार हायत शाळेत. पन्हं कर."

पाहुणे म्हटल्यावर आत्या नुसतं पन्हं करून थांबणारी नव्हती. तिच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे, उन्हातून आलेल्याला आधी गारवा द्यायचा आणि मग नाव विचारायचं, अशी रीत. मी आणि आतोबा फाटकाशी मंडळींची वाट बघत उभे असताना ती मागच्या दाराने आली. वस्तीतल्या चार बायका हाताशी धरून तिने पत्र्यावर पंधरा घागरी पाणी ओतलं, जमिनीवर सडा टाकला आणि चांगल्या जाडजूड सोलापुरी चादरी हौदात बुडवून दारं-खिडक्यांना टांगल्या. पाहुणे आधी कुठे बसणार, ते तिने शिपायाला विचारून घेतलं होतं.

मंडळींना घेऊन आम्ही पत्र्याच्या खोलीत पाऊल टाकलं. चादरींतून वारा येत होता, ओल्या मातीचा वास सुटला होता, मंद हिरवा-तांबडा उजेड पसरला होता. सभासद टेकून बसले. एकाचा डोळा लागला. अध्यक्ष म्हणाले, "पत्र्याबद्दल उगाच ओरड होती की. हितं तर बरं वाटतंय." तिथून उठवून त्यांना नमुन्याच्या खोलीत नेलं. ती थंडच होती, पण त्या ओल्या गारव्यातून आलेल्या माणसांना कोरडी वाटली. "जरा कोंदट हाय," असं कुणीतरी म्हणालं.

मी बोलायला तोंड उघडलं. आतोबांनी मान हलवून मला थांबवलं. दारात आत्या पन्ह्याचं ताट घेऊन उभी होती. हात ओले, पदर खोचलेला, चेहरा आनंदाने फुललेला. आतोबा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग पेला उचलून म्हणाले, "पन्हं लई झकास झालंय." मला त्या क्षणी त्यांचा भयंकर राग आला होता. माझी पोरं त्या पत्र्याखाली बसणार होती.

घरी जाताना आत्याने विचारलं, "झालं का वो काम?"

"न्हाई. पत्रं आधीच आणून टाकल्यात म्हणं. आता वाया कसं घालवायचं?" आतोबा म्हणाले. पत्र्यांची ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आठ खोल्या पत्र्याच्याच झाल्या. नमुन्याच्या खोलीत आम्ही वर्ग आळीपाळीने बसवतो. उन्हाळ्यात तिच्यासाठी आम्हा शिक्षिकांची भांडणं होतात. निवृत्तीनंतर आतोबा दुपारी तिथे येऊन मागच्या बाकावर बसत, पोरांबरोबर पाढे म्हणत, आणि म्हणता म्हणता पेंगत. तिसऱ्या वर्षी ते गेले. त्यांच्यावरचा माझा राग कधी निवळला, ते मला आठवत नाही.

परवा गहू निवडताना आत्याने एकदम विचारलं, "काय गं, त्यांच्या खोल्या कशापायी न्हाई झाल्या?"

"पत्रे आधीच आले होते ना," मी म्हटलं.

तिने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "मग बरं. मला इतकी वर्सं वाटायचं, आपल्याकडनं त्या पाव्हण्यांचं काय कमीजास्त झालं आसंल."

"नाही गं आत्या," मी म्हटलं. "तुझ्या पाहुणचाराला कुणीसुद्धा नाव ठेवलं नाही."