न हललेली पट्टी

आज लेकीच्या रायफलसाठी ग्रीसची डबी उघडली आणि त्या वासाने कोथरूडच्या जुन्या घरातले बाबा समोर उभे राहिले. तेव्हा दुसऱ्या दिवशी माझी नेमबाजीची स्पर्धा होती आणि माझ्या एअर रायफलमधून, छर्रा भरतात तिथून, हवा गळत होती. बाबांनी तिथे टिश्यूची पट्टी ठेवून रिकामाच बार काढला. पट्टी फडफडली.

"दम रायफलचा गेलाय. तू का तोंड पाडून बसलीस?"

त्यांनी झिजलेली रबरी रिंग बदलली, ग्रीस लावलं, पुन्हा बार काढला. पट्टी हलली नाही. मी टाळ्या पिटल्या.

कित्येक वर्षांनी, डॉक्टर येईपर्यंत मी बाबांच्या नाकाशी कापूस धरून बसले होते. या वेळी तो हलावा म्हणून बघत राहिले.