आवाज गप्प होता ते दोन दिवस

पहिल्यांदा ते वाक्य कधी आलं, हे मला नीट आठवतं. चर्चमधली रविवारची उपासना आटोपून घरी आले होते. त्या दिवशी मी मंडळीसमोर साक्ष दिली होती. नवऱ्याच्या आजारपणात देवानं आम्हाला कसं सांभाळलं ते सांगितलं होतं. नंतर दोघी-तिघींनी माझा हात हातात घेऊन, बरं वाटलं ऐकून, असं म्हटलं होतं. घरी येऊन साडी बदलली, कुकर लावला आणि पाच मिनिटं डोळे मिटून बसले, तर मनात आलं, "तू ढोंगी आहेस."

मी डोळे उघडले. कुकरची शिट्टी झाली नव्हती. नवरा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होता. वाक्य माझ्याच आवाजात आलं होतं, म्हणून तेव्हा मी ते फारसं मनावर घेतलं नाही.

पण ते रोज यायला लागलं. प्रार्थनेला बसलं की हमखास. कधी "तू ढोंगी आहेस", कधी "तुझं कोणी ऐकत नाही", कधी नुसतं "कशाला?" महिन्याभरात माझी प्रार्थना सुटली. बसायची, पण शब्द जुळत नसत. गच्चीचा जिना चढताना दम लागायचा, नवऱ्यावर कारण नसताना खेकसायची, आणि मग त्याचीही भर त्या आवाजाच्या पुराव्यात पडायची.

मी सव्वीस वर्षं एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. मुलांच्या हातून काय सांडलं, कशाचा रंग बदलला, हे बघणं हे माझं काम. त्यामुळे घाबरले तरी कुतूहल सुटलं नाही. एका जुन्या वहीत मी लिहायला लागले: आवाज केव्हा आला, त्याआधी मी काय करत होते, काय म्हणाला, नंतर मी काय केलं. नवऱ्यानं एकदा विचारलं, "काय लिहितेस रोज?" मी म्हटलं, "निरीक्षण." त्यानं पुढं विचारलं नाही. तो आयुष्यभर कोराडीच्या वीजकेंद्रात राहिलेला माणूस, मीटरच्या नोंदींवर त्याचा विश्वास.

आमचं घर कोराडी रोडकडच्या एका तीन मजली इमारतीत, तळमजल्यावर. समोरच्या दारात एक चित्रकला शिक्षिका राहते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. नवरा बाहेरगावी नोकरीला, त्यामुळे तिचं आमच्याकडे आणि आमचं तिच्याकडे जाणं-येणं होतं. तिचं घर बौद्ध, आमचं ख्रिस्ती. नाताळात ती माझ्या करंज्या तळू लागायची, तिच्याकडे कार्यक्रम असला की खिरीचं पातेलं मी ढवळायची. आठ वर्षांत आमच्यात कधी वाकडा शब्द आला नव्हता.

आमच्या मंडळीतल्या बायकांचा दर बुधवारी दुपारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना गट बसतो. एका बुधवारी माझ्याकडे होता. प्रार्थनेत माझी पाळी आली आणि मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं. गटाच्या प्रमुख बाई शांतपणे ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "हा आत्मिक हल्ला आहे. घरात काहीतरी आलेलं दिसते."

मग सगळ्याजणी घर बघायला निघाल्या. पलंगाखाली, कपाटामागं, माळ्यावर. काही सापडलं नाही. शेवटी बाहेर, चपलांच्या स्टँडमागं एकीला एक लिंबू दिसलं. सुकून काळं पडलेलं, मधून दोरा आरपार गेलेला.

कुणी हात लावेना. प्रमुख बाईंनी कागदानं उचलून ते बाहेर नेलं आणि परत येऊन समोरच्या बंद दाराकडं बघत हळूच विचारलं, "इथं कोण राहते?"

मी सांगितलं.

"तिचं तुझ्या घरात येणं आहे? खायला-प्यायला देते?"

"देते."

त्या पुढं काही बोलल्या नाहीत. फक्त मान हलवली. मला आजही वाटतं, त्यांनी स्पष्ट आरोप केला असता तर मी तिथल्या तिथं नाही म्हटलं असतं. पण त्यांनी वाक्य अर्धं सोडलं आणि ते पुरं मी केलं.

त्यानंतर मी समोरचं दार टाळायला लागले. तिच्या शाळेच्या वेळा मला पाठ होत्या, त्या बघून बाहेर पडायची. एकदा जिन्याशी गाठ पडलीच. ती म्हणाली, "ताई, बरं नाही का? चेहरा उतरून राहिला तुमचा." मी म्हटलं, "कामं खूप आहेत," आणि आत आले. दाराला कडी लावताना मला आठ वर्षांतल्या साऱ्या गोष्टी नव्यानं दिसायला लागल्या. त्या वर्षी तिनं खीर दिली आणि नंतर नवरा आजारी पडला. तिनं माझ्या लेकीच्या लग्नाची पत्रिका मागून घेतली होती, कशाला? पत्रिकेच्या कडेची नक्षी तिला शाळेसाठी हवी होती, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी स्वतःला विचारत राहिले, कशाला.

मग एका शनिवारी ती सांबारवडी घेऊन आली. आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. थंडीत सांबार स्वस्त झाला की तिच्या हातच्या वड्या व्हायच्याच, आणि पहिल्या चार माझ्याकडे यायच्या. दारातच मी ताटली घेतली. "या आत" म्हटलं नाही. ती क्षणभर थांबली, मग गेली.

वड्या गरम होत्या. मी त्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून कचऱ्याच्या डब्यात भाजीच्या देठांखाली दाबल्या. ताटली घासून, रिकामीच, तिच्या दाराशी ठेवून आले. आमच्याकडे कुणाची ताटली रिकामी परत करत नाहीत.

आणि आवाज थांबला.

त्या संध्याकाळी मी प्रार्थनेला बसले, काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी प्रमुख बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बघ, दार बंद केलं ना तू." मला हलकं वाटत होतं. वहीत मी दोन दिवसांपुढं मोठ्या अक्षरात लिहिलं: काही नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे तो परत आला. या वेळी वाक्य नवं होतं. "बघ, तू कशी आहेस."

मी वही मागं-पुढं चाळली. निरीक्षणं जुळत नव्हती. वड्यांमधून काही येत होतं, तर वड्या टाकल्यावर ते कायमचं जायला हवं होतं. आणि आवाज सगळ्यात मोठा कधी होता? मी कुणाचं चांगलं करून आले की. साक्ष दिली त्या दिवशी, आजारी बाईला डबा दिला त्या दिवशी. मग वड्या फेकल्या त्या दिवशी तो गप्प का?

उमरेडला माझी एक मावशी राहते. वय ऐंशीच्या पुढं. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, लग्न केलं नाही, आता माझ्या मावसबहिणीकडं, म्हणजे तिच्या दुसऱ्या भाचीकडं असते. लहानपणी तिच्याइतकी मी कुणाला भ्याले नाही, कारण तिच्यासमोर खोटं टिकायचं नाही. सकाळच्या एसटीनं मी उमरेडला गेले.

ती ओसरीवर बाजेवर बसली होती. "काहून आली वं अशी अचानक? पहिले पानी पे."

मी पाणी प्याले आणि सगळं सांगितलं. लिंबू सांगितलं, शेजारीण सांगितली. वड्यांचं सांगायला वेळ लागला. मग तिनं माझं मनगट हातात घेतलं, नाडी पाहिली, अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

"रक्त नाही तुह्या आंगात. उद्याच तपासून घे."

"मावशी, मी आत्म्याचं सांगून राहिली."

"माहीत आहे मले. दोन्ही पाहायचं. अशक्त मानसाच्या मागं सैतान जास्त लागते. वही वाच."

मी वाचून दाखवली. तिनं दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, "हा आवाज तुले काय करायले सांगते?"

मी विचार केला. "काहीच नाही. फक्त मी कशी आहे ते सांगतो."

"तेच त. देव बोलते तेव्हा नेमकं एक काम दाखवते. अमक्याशी खोटं बोलली, जा, कबूल कर. लाज वाटते, पन दार उघडं असते. हा दुसरा सगळ्या मानसावरच काट मारते. तू अशीच, तू तशीच. त्याच्यात जायले रस्ताच नाही. मी वार्डात चाळीस वर्षं पाहिलं. मरनाऱ्या मानसाच्या कानाशी बसून तो हेच बोलते."

"मग वड्या टाकल्या तेव्हा गप्प का झाला?"

मावशीनं चष्मा काढून पदरानं पुसला. तिला उत्तर शोधावं लागत नव्हतं, मला सांगावं की नाही एवढंच ती बघत असावी.

"त्याचं काम झालं होतं," ती म्हणाली. "आता काहून बोलंल तो? तुले प्रार्थनेतून उठवलं. नवऱ्याशी तोडलं. मंग शेजारनीशी तोडलं. लिंबानं काय होते वं? लिंबू पडलं होतं. तू पाहून त्याले भ्याली, आन् भेवापोटी एका बाईवर आळ घेतला. हल्ला तो होता."

रस्त्यावरून कोळशाचा ट्रक गेला. मी वही मिटून पिशवीत ठेवली.

"आता काय करू?"

"घरी जा. मोठ्यानं प्रार्थना कर, मनात नको. मनात तो मधात बोलते. आन् त्या पोरीले जे केलं ते सांग. वड्याचंबी सांग."

"वड्यांचं तिला माहीत नाही."

"म्हनून त सांग."

निघताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवून साध्या शब्दांत प्रार्थना केली. सैतानाला तिनं एकाच वाक्यात जायला सांगितलं, जसं ती पूर्वी वार्डातल्या जास्तीच्या पाहुण्यांना बाहेर काढायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी, ती शाळेतून आल्यावर, मी समोरचं दार वाजवलं. तिनं आत घेतलं, पण रोजच्यासारखं स्वयंपाकघरात नेलं नाही. बाहेरच्या खोलीत बसवलं. मी उभ्यानंच सांगितलं. लिंबू, मला आलेला संशय, वड्या, देठांखाली दाबल्या तेही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्यावर? लिंबाचा?"

"हो."

"ताई, या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तुम्हाले माझंच घर सापडलं? माझ्या आजीनं दीक्षा घेतली तेव्हा घरातले गंडेदोरे, ताईत, सगळं गाठोडं बांधून नदीत सोडलं. आमच्या घरात लहान पोराले दृष्टसुद्धा काढत नाहीत." ती थांबली. "तुम्ही मले एकदा विचारलं काहून नाही?"

मी क्षमा मागितली. ती म्हणाली, "मले थोडा वेळ द्या." दारापर्यंत सोडायला आली नाही.

घरी येऊन मी मोठ्यानं प्रार्थना केली. नवरा दारात येऊन उभा राहिला, मग शेजारी येऊन बसला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात आम्ही अशी एकत्र करायचो. शब्द जुळले का, तर फार नाही. पण मध्ये कुणी बोललं नाही.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन बरंच खाली होतं. गोळ्या सुरू झाल्या, दोन महिन्यांत जिना चढताना दम लागेनासा झाला. गोळ्या सुरू झाल्या त्याच्या पुढच्या बुधवारी मी गटात उभी राहून रक्ताचं सांगितलं, आणि हेही सांगितलं की मी एका निर्दोष बाईवर आळ घेतला होता आणि तो चुकीचा होता. प्रमुख बाई म्हणाल्या, "लोहाच्या गोळ्यांनी सैतान जात नाही." मी म्हटलं, "नाही जात. पण संशयानं तो येतो, हे मी पाहिलं." त्या नाराज झाल्या. आजही गटाची प्रार्थना माझ्या घरी ठेवत नाहीत. दोघी बायका मात्र नंतर येऊन आपापल्या शेजारणींचं, जावांचं बोलून गेल्या.

शेजारीण तीन आठवडे आली नाही. मग एक दिवस दार वाजवून म्हणाली, "त्या लिंबाचं कळलं. वरच्या भाडेकऱ्यानं नवीन स्कूटी घेतली ना, तिच्या समोर बांधलेलं होतं. मिरच्या गळल्या, लिंबू झाडूवालीनं कोपऱ्यात सारलं." तिनं हे शोधून काढलं होतं, जिने चढून, वर जाऊन विचारून. मी तिला आत बोलावलं. ती आली, पण त्या दिवशी चहा घेतला नाही. चहापर्यंत यायला अजून महिना गेला.

आवाज आता क्वचित येतो. आला की मी बघते, हा मला काही करायला सांगतोय की फक्त काट मारतोय. पहिलं असेल तर उठून ते काम करते. दुसरं असेल तर मोठ्यानं नाही म्हणते, देवाचं नाव घेते आणि कुणाला तरी फोन लावते, कारण एकटी असले की त्याचं फावतं. त्यातलं किती रक्तामुळं होतं आणि किती दुसऱ्या कशामुळं, हे मला अजून सुटलेलं नाही. मावशीला विचारलं तर म्हणते, "वेगळं करून काय करशील?"

मागच्या आठवड्यात आम्ही दोघी गच्चीवर कपडे काढत होतो. शेजारीण एकदम म्हणाली, "ताई, तुमचा तो सैतान. तुम्ही खरंच मानता त्याले?"

"मानते."

"मी नाही मानत. पन तुम्ही सांगितलं तसा आवाज मलेही येते कधी कधी. शाळेतून आली की. मी मानत नाही तरी कसा येते?"

मला ठाऊक नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. मग तिला विचारलं, तो नेमकं काय म्हणतो. ती चादरीची घडी घालता घालता थांबली आणि सांगायला लागली.