वच्छलाबाईंची तगर

बोरी अरब गावच्या बबनरावांचा अळीशी उभा दावा. कपाशीचं मिटलेलं फूल दिसलं, की आत बोंडअळी असणार म्हणून ते तिथेच चुरगाळायचे. लग्नाच्या मांडवातही हे गृहस्थ कुंपणावरच्या एरंडाची पानं उलटी करून पाहायचे!

आणि बायको मिळाली वच्छलाबाई. तिला साऱ्या अळ्या सोयऱ्या. शेवग्यावर केसाळ सुरवंट दिसले की मला, शेजारणीला, म्हणायची, "जावई आले वं, हात नोको लावू, खाज सुटते." एरंडावर कमान करत, जणू कापड मापत चालणारी उंटअळी तिची शिंपीण. पण खरा जीव अंगणातल्या तगरीवर. पावसाळ्यात तिथे बोटाएवढ्या हिरव्या अळ्या यायच्या, मानेवर डोळ्यांसारखे निळे ठिपके, शेपटाला काटा. झाड ओरबाडून खायच्या आणि खाली पाचोळ्यात कोष करायच्या. त्यातून निघालेले हिरवे पतंग दिवेलागणीला फुलांवर भिरभिरले, की ही चूल सोडून ओट्यावर. लेकरू नव्हतं तिला. नवऱ्यापुढे मात्र अळीचं नाव काढायची नाही. चिरडतील ही धास्ती. दिवेलागणीला ते वावरातच असायचे. त्यांना वाटे, बायकोला तगर आवडते.

गेल्या पावसाळ्यात तिच्या आजारापुढे नागपूरच्या डॉक्टरांनी हात टेकले. ती म्हणाली, "मले घरी न्या. तगरीपाशी बसू द्या."

घर झाडायला बबनराव एक दिवस आधी आले, तर तगर अर्धी खाल्लेली. कपाशीवर फवारायचं औषध घरात होतंच. रडत रडत त्यांनी पानन् पान भिजवलं. मी माहेरी होते, नाहीतर पंपच हिसकावला असता.

वच्छलाबाईला ओट्यावर बाजेवर निजवलं, तेव्हा मी परत आले होते. बबनराव म्हणाले, "पाह्य, एक अळी ठेवली नाई तुह्या झाडावर."

झाडाखाली वाळलेल्या अळ्यांना मुंग्या लागल्या होत्या. तिने त्या पाहिल्या. मग नवऱ्याचा हात हातात घेतला.

"लई जपलं तुमी," ती म्हणाली.

चार दिवसांत ती गेली.

यंदा तगरीवर पुन्हा हिरव्या अळ्या आल्या. परवा बबनराव पाठीला पंप लावून अंगणात उभे. मी धावतच गेले. गावात माझ्याएवढी तोंडाळ बाई नाही.

"वहिनी, जलमात एवढं एकच काम तिच्या मनासारखं झालं माह्या हातून," ते म्हणाले.

मी माझ्या घरात आले आणि दार लावून घेतलं.